मामींनी वरून खाल्लेली सुशी

सगळं माझ्या केसांतल्या काडीपासून सुरू झालं.

म्हणजे झालं असं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे, आणि त्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, एक छोटं जपानी-चायनीज हॉटेल. अड्यारमध्ये अशी दोन-चार असतील, पण हे आमचं. सहा टेबलं. मेनूकार्डाच्या पुढच्या बाजूला फ्राईड राईस, गोबी मंचुरियन, हक्का नूडल्स, आणि कार्ड उलटं केलं की सुशी, उदोन, रामेन. गल्लीतली कुटुंबं कार्ड उलटत नाहीत. कारखान्यांत कामाला आलेले जपानी लोक ते सुलट करत नाहीत. दोन्हीकडून मागवणारी मी एकटीच, त्यामुळे तिथली वाढणारी बाई मला बरोबर ओळखते. ती मणिपूरची आहे, कितीतरी वर्षं चेन्नईत आहे, आणि तिची तमिळ माझ्यापेक्षा शंभरपट चांगली. गल्ल्यावर खेळण्यातलं एक हात हलवणारं जपानी मांजर आहे आणि त्याच्या शेजारी मुरुगनचा फोटो. सकाळी मोगऱ्याचा गजरा दोघांनाही घातलेला असतो.

मी मूळची सांगलीची. गिंडीला एका कंपनीत गाड्यांच्या सीटची डिझाईनं करते. सीट! लोकांना वाटतं सीट म्हणजे काय, गादी आणि कव्हर. असू दे, तो विषय वेगळा. शनिवारी सुट्टी असते आणि शनिवारी दुपारी मी या हॉटेलात जेवते. तिथल्या लाकडी काड्या कागदी पाकिटात येतात. एक जोडी वापरते, एक घरी आणते आणि अंबाड्यात खोचते. क्लिपपेक्षा घट्ट बसते, खरंच करून बघा.

तर अशीच काडी खोचून मी जिना चढत होते आणि खालून मामींनी हाक मारली.

मामी म्हणजे माझ्या घरमालकीण. नात्यानं माझ्या कोणीच नाहीत. गल्लीतले सगळे त्यांना मामी म्हणतात म्हणून मीही म्हणते. त्या खाली राहतात, मी वरच्या खोलीत. पासष्टच्या पुढच्या आहेत, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्यात, आणि तंजावरच्या मराठी. त्यांच्या किती पिढ्या इकडे झाल्या ते त्यांनाही मोजता येत नाही. मी खोली बघायला आले तेव्हा त्या म्हणाल्या, "मज मराठी पोरगी भाडेकरू हवी होती." मला वाटलं, कुठल्या तरी पोथीतून बोलतायत! 'मला' नाही, 'मज'. 'कशाला' नाही, 'कशास'. आणि मधूनच तमिळ. पहिला महिना मी गुपचूप त्यांची वाक्यं फोनमध्ये लिहून ठेवायचे.

"हे काय गे डोक्यात खोवलीस?"

"काडी आहे मामी. चॉपस्टिक."

"त्या वरच्या हॉटेलातली?"

"हो."

"उष्टी?"

"नाही हो! नवीन आहे. कोरी."

मामींनी चष्म्यातून काडीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "बस इथं. तुजकडं काम आहे."

आता हे 'उष्टी?' का विचारलं ते सांगायला हवं. मामींच्या घरात मांस-मच्छी-अंडं नाही हे तर आहेच, पण ते नुसतं फळ्यावर लिहिलेल्या नियमासारखं. खरा कायदा उष्ट्याचा. इकडे त्याला एच्चिल म्हणतात आणि इकडचे लोक त्याबाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी कडक. तोंडाला लागलेली वस्तू दुसऱ्याला द्यायची नाही, तोंडाला लागलेला हात वाढायच्या डावाला लावायचा नाही. पाणी प्यायचं ते लोटा वर धरून, धार थेट घशात, ओठ लावायचे नाहीत. मी आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या पितळी लोट्याला तोंड लावून घटाघटा पाणी प्याले होते.  त्यांनी लोटा चिंचेनं घासला, दोन दिवस उन्हात पालथा घातला, आणि तिसऱ्या दिवशी मला माझा वेगळा लोटा मिळाला, तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला. मग मी वरून प्यायला शिकले. महिनाभर ऑफिसला ओल्या कुर्त्यानं जात होते.

तर मी पायरीवर बसले. मामी मोगरा गुंफत होत्या. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा जपानमध्ये असतो हे मला माहीत होतं. बायको जपानी आहे हेही. तिचा फोटो दिवाणखान्यात आहे, कांजीवरम नेसलेली, गोड हसणारी. पण बाकीचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तीन वर्षांपूर्वी लग्नासाठी मामी तिकडे गेल्या होत्या. दहा दिवस. पहिल्याच रात्री व्याह्यांकडे जेवण. मुलीच्या आईनं मामींसाठी म्हणून सगळं शाकाहारी केलेलं, काकडीची सुशी, लाल भोपळ्याचं काहीतरी, आणि ते सगळं एका मोठ्या गोल थाळीत टेबलाच्या मध्ये ठेवलं. सगळे बसले. प्रत्येकानं आपापल्या काड्यांनी एक तुकडा उचलला, तोंडात घातला, आणि त्याच काड्या परत थाळीत.

"मज शहारा आला गे," मामी म्हणाल्या. "चूक त्यांची नाही. मज ठाऊक आहे. पण अंगास कोण सांगणार?"

त्यांनी काय केलं, तर पोट बरं नाही म्हणाल्या आणि बशीत थोडा कोरा भात घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही. दहाही दिवस. बाहेर सगळे टेबलावर आणि आत मामी स्टुलावर. मुलगा सगळ्यांना सांगत राहिला, आईची सवय आहे, आईची सवय आहे. मामी परत आल्यावर एकदा फोनवर तो म्हणाला, "अम्मा, ती मला विचारते, मी घाणेरडी आहे का?"

मामींचा हात गजऱ्यावर थांबला होता.

आणि आता ती सून गरोदर होती. सातवा महिना. मुलगा म्हणत होता, ये, दोन महिने राहा, तिचीही इच्छा आहे. मामी नुसतं 'बघते, बघते' करत होत्या. सोमवारी त्याला तिकीट काढायचं होतं, त्यामुळे सोमवारच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं.

"जा ना मामी! नातवंड होणार आहे!"

"जाऊन पुन्हा स्टुलावर बसले तर? ती पोर पोटुशी आहे. तीस दुसऱ्यांदा रडवायचं? त्यापेक्षा न गेलेलं बरं." मग त्यांनी गाठ मारली, दोरा तोडला. "आधी इथं करून पाहते. जमलं तर हो सांगते. शनिवारी तू त्या हॉटेलास जातेस नं? मज घेऊन चल."

मी इतकी उडाले की गजरा पायरीवरून खाली पडला. मामींना सुशी! मी लगेच कुठलं टेबल, काय मागवायचं, सगळं डोक्यात ठरवून टाकलं. सोपं तर आहे, असंच वाटलं मला. काकडी आहे, भात आहे, त्यात काय!

शनिवारी बारा वाजता मामी तयार होत्या. अंगावर हिरवी सुती साडी, पिशवीत स्वतःचा लोटा, रुमाल आणि कोण जाणे कशाला एक स्टीलचा चमचा. जिना चढताना म्हणाल्या, "भांड्यांचं मी विचारणार नाही. विचारलं तर ते सांगतील."

आत शिरलो तर दोनच टेबलं भरलेली. एकावर फ्राईड राईस खाणारं कुटुंब. दुसऱ्यावर एक जपानी काका, पन्नाशीचे, दर शनिवारी एकटे येणारे. आमची नुसती मान डोलवायची ओळख. ओरगडमच्या बाजूला कुठल्यातरी कारखान्यात असतात म्हणे. त्यांनी मान डोलावली, मी डोलावली, मामींनी दोन्ही हात जोडले.

वाढणारी हसत आली आणि तमिळमध्ये म्हणाली, "अक्का, नेहमीचंच ना? सॅल्मन?"

मेले.

मामींनी खुर्ची ओढली, नीट बसल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "सॅल्मन कुठली भाजी गे?"

"मामी..."

"असू दे. तुझ्या वरच्या खोलीच्या खिडकीत मांजर कशास येतं ते मज दोन वर्षांपासून ठाऊक आहे."

 मी कार्डात तोंड घातलं. वाढणारीला सांगितलं, आज सगळं शाकाहारी, मासा नको, अंडं नको, मिसो सूप चालेल का? ती म्हणाली, सूपमध्ये माशाचं पाणी असतं, ते देऊ नका अम्मांना. प्रामाणिक बाई. मग आम्ही काकडीचा एक रोल आणि बटर फ्रूटचा एक रोल मागवला. आवोकाडो म्हटलं की मामींना कळत नाही, इकडे सगळे बटर फ्रूट म्हणतात. "एकाच थाळीत आणा," मी मुद्दाम सांगितलं. "वेगळं नको."

थाळी आली. लांबट, काळी, तिच्यावर बारा तुकडे दोन रांगांत. मामींनी चष्मा पुसून बघितलं. भाताकडे बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "मुदी पाडल्यागत आहे. लहान मुदी. आणि हे काळं?"

"समुद्रातलं गवत आहे."

"गवत म्हणजे चाललं."

आता काड्या. मी दाखवलं, अशी एक इथं, अशी दुसरी पेनासारखी. मामींचा पहिला तुकडा टेबलावर पडला. दुसरा उचलायच्या आधीच एक काडी खाली गेली. नवी मागवली. ती फ्राईड राईसवाल्यांच्या खुर्चीखाली गेली. मी सूचना देत सुटले, बोट वर, अंगठा खाली, दाबू नका, दाबा, आणि मामी शेवटी म्हणाल्या, "तू जरा गप बस पाहू. एक्स्चेंजमध्ये मी एकाच वेळी वीस दोऱ्या सांभाळल्यात."

तेवढ्यात वाढणारी आली. काड्यांचं कागदी पाकीट घट्ट गुंडाळून तिनं दोन काड्यांच्या मध्ये वरच्या टोकाला ठेवलं आणि त्यावर रबरबँड चढवला. झाली सांडशी! "लहान मुलांना असंच देतो अम्मा," ती म्हणाली. मामींनी दोनदा उघडझाप करून बघितली. फुलं गुंफणारी बोटं ती, लगेच जमलं. काकडीचा तुकडा उचलला. हवेत धरला. आणि तो तोंडाजवळ आणून थांबल्या.

"काय झालं?"

"तोंडास लागणार."

"लागू दे ना."

"लागली की उष्टी. मग थाळीत कशी घालू?"

मला सांगायचं होतं की मामी, थाळी आपल्या दोघींचीच आहे, मला चालतं, माझं काही नाही. पण त्यांचा प्रश्न मला चालण्याचा नव्हताच. त्यांनी तुकडा परत ठेवला, पिशवीतून लोटा काढला, मान मागे टाकली आणि पाण्याची धार घशात सोडली. लोटा खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. लोट्याकडं बघितलं.

आणि मग, मी शपथेवर सांगते, त्यांनी तो तुकडा काड्यांत धरला, हात डोक्याच्या वर नेला, मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि तुकडा वरून सोडला.

चष्म्यावर पडला.

दुसरा पदरात. फ्राईड राईसवाल्यांचं खाणं थांबलं होतं. जपानी काका वाटीत बघत होते, पण वाटीत काही नव्हतं. तिसऱ्या तुकड्याला मामींनी हात जरा खाली आणला, डोळे बारीक केले, सोडला, आणि टप्! तोंडात. तोंड मिटलं. मामी चावत राहिल्या. चावून झाल्यावर काड्यांची टोकं डोळ्यांजवळ नेली. कोरडी.

"उष्टी नाहीत," मामी म्हणाल्या.

मी टाळ्याच वाजवल्या. खरंच वाजवल्या, हॉटेलात! मला तेव्हा वाटलं, झालं, सुटला प्रश्न, काय डोकं आहे या बाईचं! मामी पण खूश. "आंबट भात आहे की," म्हणाल्या, "बरा आहे. वर थोडी मोहरीची फोडणी हवी होती." लगेच बटर फ्रूटचाही एक तुकडा वरून. नेम अचूक. मीही आनंदात एक तुकडा उचलून तोंडात टाकला, छान होता, लगेच दुसरा उचलायला काड्या थाळीत घातल्या.

मामींचा हात हवेत थांबला.

तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलं ते. माझ्या काड्या नेहमीसारख्या, तोंडात जाऊन आलेल्या, आणि आता थाळीत, त्यांच्या तुकड्यांच्या मध्ये.

"माझं जमलं," मामी हळूच म्हणाल्या. "पण तिथं मी एकटी वरून खाणार. बाकी सगळे असेच खाणार. तू खाल्लीस तसे."

त्यांनी काड्या खाली ठेवल्या. आणखी एक घेऊन बघू म्हणून परत उचलल्या. एका तुकड्यापर्यंत नेल्या. परत ठेवल्या. चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

"वेगळी बशी मागू का?" मी विचारलं.

"वेगळी बशी म्हणजे ते स्टूलच," मामी म्हणाल्या.

आम्ही दोघी थाळीकडं बघत बसलो. सहा तुकडे उरले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून वाढणारीला बोलावलं आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. एच्चिल, सून, थाळी. ती ऐकत गेली आणि तिनं कपाळावर हात मारला. "अय्यो, अक्का! आधी सांगायचं!" आत गेली आणि काड्यांची आणखी एक जोडी घेऊन आली. लांब, जाड, काळ्या. त्या तिनं थाळीच्या कडेला आडव्या ठेवल्या. म्हणाली, "ह्या वाढायच्या. ह्यांनी आपल्या बशीत घ्यायचं आणि आपल्या काड्यांनी खायचं. जपानी लोक साहेबांना घेऊन आले की आमच्याकडं मागतात."

वाढायच्या वेगळ्या काड्या! म्हणजे त्यांच्याकडंही डाव असतो! मी इतकी खूश झाले की मला मामींचा चेहरा दिसलाच नाही. तो लाल झाला होता.

"म्हणजे त्यांच्यातही रीत आहे," मामी म्हणाल्या.

"हो ना मामी! आता मुलाला सांगा, तेवढ्या काड्या ठेव म्हणावं टेबलावर. संपलं!"

"रीत असून मज ठेवल्या नाहीत? साता समुद्रापलीकडून आलेल्या विहिणीस? दहा दिवसांत एकदाही? आणि मी इकडे तीन वर्षं जीव जाळते आहे, माझंच चुकलं म्हणून!"

मला वाटलं आता त्या उठून जातात. उठल्या नाहीत. वळल्या, आणि शेजारच्या टेबलावरच्या जपानी काकांना त्यांच्या एक्स्चेंजच्या इंग्रजीत, एकदम स्वच्छ, एकेक शब्द वेगळा करून म्हणाल्या, "एक्सक्यूज मी, सर. एक विचारू?"

काका दचकले आणि सरळ बसले. मामींनी लांब काड्या वर धरून विचारलं, की या काड्या पाहुण्यांना ठेवायची पद्धत आहे ना? मग आमच्या व्याह्यांनी मला का ठेवल्या नाहीत?

काकांनी पूर्ण गोष्ट विचारून घेतली. कोण जेवायला होतं, टेबल कुठे होतं, थाळी कोणी केली होती. मामींनी सगळं सांगितलं, स्टूलसुद्धा.  मग हळूहळू, शब्द शोधत बोलले. सगळ्यांचं माहीत नाही, पण माझ्या घरी तरी, या काड्या पाहुण्यांसाठी असतात. बाहेरच्या माणसांसाठी. घरच्या माणसांत आम्ही त्या ठेवत नाही. लग्न झाल्यावर माझी सासू माझ्यासाठी दर वेळी ठेवायची, वर्षभर. मग एकदा मी जेवायला बसलो आणि त्या नव्हत्या.

"मग?" मामींनी विचारलं.

"मला बरं वाटलं," काका म्हणाले.  ते परत त्यांच्या रिकाम्या वाटीकडं वळले.

मामी सरळ झाल्या.  गल्ल्यावरचं मांजर हात हलवत होतं. फ्राईड राईसवाले गेले होते. मामी लोट्यातलं पाणी प्याल्या, वरून. रुमालानं तोंड पुसलं.

"पहिल्याच दिवशी ठेवल्या नाहीत त्यांनी," त्या म्हणाल्या. मला नाही, थाळीला. "वर्षभर थांबल्या नाहीत."

मग त्यांनी त्या लांब काड्या उचलल्या आणि टेबलाच्या पार टोकाला, सॉसच्या बाटलीमागं ठेवल्या. रबरबँडवाल्या काड्या घेतल्या. माझ्या काड्या जिथं जाऊन आल्या होत्या, अगदी त्याच्या शेजारचा तुकडा पकडला. खूप वेळ धरून ठेवला. मला वाटलं परत ठेवतील. 

"मुलगा लहान असताना त्याचं ताट मीच संपवायचे," मामी म्हणाल्या. "उष्टं म्हणून कधी टाकलं नाही. लेकराचं कुठं उष्टं असतं?"

मान मागे टाकली आणि तुकडा वरून सोडला. चावला. गिळला. गिळताना डोळे मिटलेले होते आणि नाक जरा आकसलेलं, खोटं का सांगू. मग आणखी एक खाल्ला. त्या वेळी डोळे उघडे होते.

"पोदुम," म्हणाल्या. पुरे. "आजच्यापुरतं."

घरी आल्यावर पायरीवरच बसून त्यांनी मुलाला फोन लावला. स्पीकरवर, कारण मामी फोन कानाला लावत नाहीत. आयुष्यभर हेडफोन लावून कान किटले म्हणतात.

"तिकीट काढ."

"अम्मा! खरंच?"

"आणि तीस सांग, मी टेबलावर बसेन. एकाच थाळीतलं खाईन. पण वरून टाकून खाईन. हसू आलं तर हसू दे."

"वरून म्हणजे काय, अम्मा?"

"आल्यावर दाखवते."

पुढचे तीन आठवडे आमच्या पायरीवर प्रॅक्टिस. इडलीचे तुकडे, केळ्याच्या चकत्या, उकडलेले शेंगदाणे. शेंगदाणे सगळ्यात अवघड, तेही जमायला लागले. मीही करून बघितलं, मला अजून इडलीसुद्धा येत नाही, सरळ नाकावर. उष्ट्याबाबत बाकी मामींचं काहीही बदललं नाही हं. या सगळ्याच्या मध्ये मी एकदा चुकून त्यांच्या कॉफीच्या टंब्लरला तोंड लावलं, तर तो टंब्लर सरळ माझा झाला. नेलपॉलिशचा ठिपका त्याच दिवशी. सामान भरताना त्यांनी मेतकूट, लोणचं, डिंक, नातवंडासाठी मऊ जुन्या साडीची दुपटी असं सगळं घेतलं, आणि हातातल्या पर्समध्ये, पासपोर्टच्या शेजारी, चार रबरबँड.

त्या जाऊन आठवडा झाला तरी फोन नाही. मी मेसेज करायचे, नुसता अंगठा यायचा. मी शनिवारी हॉटेलात गेले तर वाढणारीनं आधी मामींचं विचारलं आणि मग माझं सॅल्मन. जपानी काकाही मान डोलवून थांबले, काहीतरी ऐकायची वाट बघत. माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. मी म्हटलं, पोचल्या.

रविवारी सकाळी फोन आला.

"कुंडीतल्या तुळशीस पाणी घालतेस नं?"

"घालते. मामी, कसं आहे? सून कशी आहे?"

"पाय सुजलेत. बाकी बरी आहे. डिंकाचे लाडू आवडले तीस."

"आणि जेवण? टेबल?"

"पहिल्या दिवशी तिनं त्या लांब काड्या आणून ठेवल्या," मामी म्हणाल्या. "ह्यानं सांगितलं असेल. किंवा तीच घाबरली असेल. माझ्यासमोर अशा सरळ ठेवल्या, आणि माझ्याकडं बघत उभी राहिली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"उचलल्या, आणि त्या फळीवरच्या डब्यात परत ठेवून आले. मग बसले."  " तिनं आपल्या काड्यांनी एक भोपळ्याचा तुकडा माझ्या बशीत घातला. तिनं आधी त्याच काड्यांनी खाल्लं होतं, पाहिलं मी."

"खाल्लात?"

"वरून," मामी म्हणाल्या. "गॅसचा सिलिंडर बुधवारी येईल, दार उघड."